तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबांना जपानमध्ये निवांत कुठे न्यावं?

टोकियोत आम्ही राहतो त्या भागात मराठी घरं बरीच आहेत. कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येत असतात, आणि मग फोन येतो. "टोकियो, फुजी, क्योतो तर होईलच गं, पण मधे दोन दिवस निवांत कुठे नेता येईल? जुनं जपान दिसलं पाहिजे आणि त्यांची दमछाकही व्हायला नको." हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय, की आता एकदा बसून सगळं सविस्तर लिहूनच ठेवते. माझं उत्तर आहे मात्सुए.

हे गाव शिमाने प्रांतात आहे, होन्शु बेटाच्या पश्चिमेला, जपानी समुद्राच्या बाजूला. आपल्याकडच्या सहलींच्या यादीत ते सहसा नसतं. मला ठाऊक झालं ते कामामुळे. मी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत काम करते. ती भाषा घडवणारे युकिहिरो मात्सुमोतो याच गावात राहतात आणि २००९ पासून तिथे रुबीची परिषद भरते. पहिल्यांदा गेले ती परिषदेसाठी. संध्याकाळी एकटीच तळ्याकाठी बसले होते, तेव्हा मनात आलं की आईला इथे आणायचं. आईचे गुडघे गेलेत. क्योतोत तिला देवळांच्या पायऱ्या आणि गर्दी यांचंच ओझं झालं होतं. मात्सुए हे बसून बघायचं गाव आहे. होडीत बसा, बागेसमोर बसा, तळ्याकाठी बसा, गाव आपणहून तुमच्यापुढे येतं.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. आई, बाबा, मी, नवरा आणि सात वर्षांची लेक. टोकियोहून शिंकानसेननं ओकायामा सव्वातीन तासांच्या आसपास, तिथून 'याकुमो' गाडीनं डोंगरांतून, नदीच्या कडेकडेनं आणखी अडीच तास. प्रवास मोठा आहे, ते आधीच सांगते. रात्री टोकियोहून सुटून सकाळी साडेनऊच्या सुमारास मात्सुएला पोचवणारी 'सनराईज इझुमो' ही झोपायची गाडीही आहे, पण तिची तिकिटं महिनाभर आधी विक्री सुरू होताच संपतात. आम्हाला मिळाली नाहीत. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. लांब पल्ल्याच्या गाडीत डबा खायला इथे काहीच अडचण नसते.

उतरलो तर पाऊस. या किनाऱ्याला हिवाळ्याकडे आभाळ सतत भरलेलं असतं. इथे म्हणच आहे, की डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. तेव्हा छत्री घ्याच.

आता किल्ल्याविषयी. होरियो योशिहारु या सरदाराचं ठाणं आधी गास्सान-तोदा या डोंगरी किल्ल्यावर होतं. तिथे गाव वसवायला, व्यापार वाढवायला जागा नव्हती. म्हणून १६०७ मध्ये त्यांनी तळ्याकाठच्या दलदलीत नवा किल्ला बांधायला घेतला. खंदक खणायचे आणि निघालेली माती टाकून भोवतालची जमीन उंच करायची. म्हणजे खंदक आणि गाव एकाच खोदाईतून निघाले. १६११ मध्ये किल्ला पुरा झाला आणि त्याच वर्षी योशिहारु वारले. त्या खंदकांचा बराचसा भाग आजही पाण्यानं भरलेला आहे. गावाचा आराखडा फारसा बदललेला नाही, म्हणूनच तिथे होडीतून फिरता येतं.

जपानमध्ये मधला उंच मनोरा, म्हणजे तेन्शु, जुन्या काळापासून उभा असलेले बाराच किल्ले उरलेत. बाकी बहुतेक ठिकाणी दिसतं ते नंतर सिमेंटनं उभारलेलं. मात्सुएचा तेन्शु लाकडाचा, खरा, काळ्या फळ्यांनी मढवलेला. तो उरला त्यामागे एक गोष्ट आहे. मेइजी काळात सरकारनं किल्ले मोडीत काढायला घेतले, तेव्हा १८७५ मध्ये हा तेन्शु १८० येनला लिलावात गेला. तेवढेच पैसे जमवून भरले आणि तो वाचवला, ते कात्सुबे मोतोएमोन या शेतकऱ्यानं आणि ताकागी गोन्पाची या जुन्या सामुराईनं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर राजगड, प्रतापगड, रायगड पायी केलेत. आपल्या गडांवरचे पडलेले वाडे, नुसती जोती त्यांनी इतक्यांदा पाहिलीत, की तिथल्याच दोन माणसांनी पैसे उभे करून एवढी मोठी वास्तू वाचवली हे त्यांना फार भिडलं.

आत शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न कोणत्याही गडप्रेमी माणसाचा असतो तोच: "पाणी कुठलं?" आणि तळघरातच विहीर! किल्ल्याच्या बाहेर नाही, आवारात नाही, थेट तेन्शुच्या पोटात, सुमारे २४ मीटर खोल. वेढा पडला तर दार लावून आत बसायचं, पाणी हाताशी आणि मिठाचा साठाही तिथेच. बाबा कठड्यावरून वाकून बघत होते. लेकीनं विचारलं, "आजोबा, काय दिसतंय?" ते म्हणाले, "डोकं दिसतंय, बांधणाऱ्याचं."

त्याच तळघरात आणखी एक गोष्ट बघा. २०१२ मध्ये जवळच्या मात्सुए देवळात दोन जुन्या लाकडी पट्ट्या सापडल्या. किल्ल्यासाठी केलेल्या प्रार्थनेच्या पट्ट्या, त्यांवर १६११ साल. त्यांच्यातली खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी जुळली. बांधणीचं साल पक्कं झालं आणि २०१५ मध्ये तेन्शुला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. आता असा दर्जा असलेले किल्ले पाच आहेत: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुमोतो आणि हा.

आत जायला बूट काढावे लागतात. जिने उभे आहेत आणि मोजे घसरतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी वर जा असं मुळीच सांगणार नाही. आई खाली बाकावर बसली, थर्मासमधला चहा घेऊन. बाबा आणि लेक थेट वरच्या मजल्यावर. चारी बाजू उघड्या, एकीकडे गाव, एकीकडे डोंगर आणि पलीकडे चंदेरी तळं.

किल्ल्याच्या पूर्वेला मात्सुए इतिहास संग्रहालय आहे. तिथे आम्ही चहा घेतला, बागेकडे तोंड करून. या गावाचे मात्सुदाइरा घराण्यातले सातवे दाइम्यो, म्हणजे सरदार, फुमाई, चहाचे मोठे जाणकार होते. १८१८ मध्ये ते वारले, पण त्यांनी लावलेली सवय गावानं सोडली नाही. मिठाईसाठी क्योतो आणि कानाझावा यांच्या जोडीनं मात्सुएचं नाव घेतात ते त्यामुळेच. आईला खाली बसता येत नाही हे कळल्यावर तिथल्या बाईंनी एक बुटकी खुर्ची आणली. मग समोर वाटीभर हिरवागार चहा आणि एका ताटलीत 'वाकाकुसा'. वाकाकुसा म्हणजे कोवळं गवत. तांदळाच्या पिठाची मऊ, पांढरी वडी, बाहेरून हिरव्या साखरी भुकटीत घोळलेली. आईनं लाकडी काडीनं तिचा तुकडा केला, दोन बोटांत धरला, जरासा दाबला. तो दबला आणि हळूच परत वर आला. "अगं, ही तर उकडीच्या मोदकाची पारी," ती म्हणाली. "फक्त साखर आतच घातलीय." मग तिनं तो तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. पन्नास वर्षं दर गणपतीत उकड काढणाऱ्या बाईचा तो शेरा होता, म्हणून मला फार मोलाचा वाटला.

शाकाहाराचं मात्र नीट सांगते, कारण तेही सगळे विचारतात. इथलं प्रसिद्ध जेवण म्हणजे इझुमो सोबा, एक प्रकारच्या शेवया. तीन गोल लाखेच्या वाट्या एकावर एक रचून आणतात आणि वरून रस ओतून खायचं. त्या रसात वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. पण इथे तो रस वेगळा येतो आणि आपणच ओतायचा असतो. म्हणून आई-बाबांनी नुसत्या शेवया किसलेला मुळा, कांद्याची पात आणि मीठ घालून खाल्ल्या. पोटभर नाही, पण आवडीनं. हॉटेलच्या खोलीत भात लावायचा छोटा कुकर सोबत ठेवा, फार उपयोगी पडतो.

नवरा मालवणचा, त्याची चैन झाली. गावाला लागून आहे ते शिंजी तळं, अर्धं गोडं, अर्धं खारं. त्यात शिजिमी मिळतात, आपल्या तिसऱ्यांची नखाएवढी धाकटी बहीण. सकाळी खिडकीतून बघितलं तर लांब दांड्याची दाताळी पाण्यात सोडून कोळी तळ खरवडत होते. न्याहारीला त्याच शिजिमींचं सार. तो तीन वाट्या प्यायला.

सामुराईंच्या घरांच्या शिओमी नावाते या रस्त्यावर एक जुनं घर आहे. लाफ्काडिओ हर्न हा ग्रीसमध्ये जन्मलेला लेखक १८९० मध्ये इंग्रजी शिकवायला मात्सुएला आला, इथल्याच सेत्सु या बाईशी त्यानं लग्न केलं, पुढे तो कोइझुमी याकुमो झाला. त्याच्या घराच्या तीन बाजूंना बाग आहे. दहा मिनिटं बसून या.

संध्याकाळ तळ्याकाठीच घालवा. शिमाने कला संग्रहालय अगदी काठावर आहे आणि मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं बंद होतं. बंद व्हायची वेळ सूर्यावर ठरवणारं संग्रहालय मी दुसरं पाहिलेलं नाही. पाण्यात एक इवलंसं बेट दिसतं, योमेगाशिमा, सुनेचं बेट. सासरी छळलेली सून गोठलेल्या तळ्यावरून माहेरी निघाली, बर्फ फुटलं, ती बुडाली, आणि देवांना कळवळा येऊन बेट वर आलं, अशी कथा. आई बेटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सासुरवाशीण कुठलीही असो, वाट माहेरचीच धरते."

दिवस हातात असेल तर तळ्याच्या उत्तर काठानं जाणाऱ्या इचिबाता रेल्वेनं इझुमो ताइशा या मोठ्या देवस्थानाला जा, साधारण तासभर लागतो. मात्सुएच्या ज्या स्टेशनवरून ती सुटते, त्याच्यासमोर गरम झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसायची जागा आहे, फुकट. आईला तिथून उठवत नव्हतं.

होडीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात. खंदकातून फेरी साधारण पन्नास मिनिटांची. बूट काढून सपाट बैठकीवर बसायचं, पाय लांब सोडता येतात. थंडीत मधे कोतात्सु असतो, म्हणजे खाली शेगडी ठेवलेलं बुटकं टेबल आणि त्यावर रजई. वाटेत काही पूल इतके ठेंगणे आहेत, की होडीचं छतच खाली येतं आणि सगळ्यांनी पुढे ओणवं व्हायचं. सुटण्याआधी नावाडी एकदा सराव करून घेतो. ज्यांना अजिबात वाकता येत नाही त्यांनी जाऊ नये. आईला वाकता येत होतं, पण ती घाबरली. पहिल्या पुलाला छत खाली येऊ लागलं तसा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. अंधार झाला, पुलाचे दगड हातभर वर, पाण्याचा गार वास, कुणीतरी हसलं, आणि परत उजेड. काठावर पाईनची झाडं आणि एक बगळा.

आम्ही गेलो तेव्हा एकदा काढलेलं तिकीट दिवसभर चालत होतं. दुपारी सगळे दमले होते, खोलीवर जायचं ठरत होतं. आई म्हणाली, "तुम्ही जा. मी आणि नात अजून एक फेरी मारून येतो." मी काही तिला एकटीला सोडलं नाही, मागे बसले. पाऊस थांबला होता, रजईखाली दोघींचे पाय एकमेकींना चिकटलेले. ठेंगणा पूल लांबून दिसला मात्र, नावाड्यानं आवाज द्यायच्या आधीच आईनं नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी मिळून ओणव्या झाल्या.