आमचा मे महिन्यातला मेळावा आणि ‘श्वास’नंतरची दहा वर्षे

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रनिर्मितीचा सारा कारभार नाशकात हलवला, म्हणून आम्हा नाशिककर चित्रपटप्रेमींच्या मंडळाने वार्षिक मेळाव्यासाठी मे महिन्याचा पहिला रविवार धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी आणि पाहुण्यांचा सत्कार हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. आम्ही ज्याची वर्षभर वाट पाहतो तो भाग चहापानानंतर सुरू होतो. सभासदाने उभे राहून आपल्या आवडत्या दशकातले चित्रपट सांगायचे आणि त्यांपैकी एकाविषयी सविस्तर बोलायचे. पुरस्कारांची यादी वाचायची नाही आणि गल्ल्याचे आकडे सांगायचे नाहीत, एवढीच अट असते.

जुनी मंडळी साहजिकच कृष्णधवल काळाकडे वळतात, आणि त्यांचे बोलणे मी आदराने ऐकतो. परंतु माझे दशक ठरलेले आहे, ते २००४ ते २०१४ चे. ‘श्यामची आई’ला मिळालेल्या सुवर्णकमळानंतर, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारानंतर, मराठी चित्रपटाला पुन्हा तो मान मिळायला ‘श्वास’ यावा लागला, आणि तिथून ‘डोंबिवली फास्ट’, ‘टिंग्या’, ‘वळू’, ‘जोगवा’, ‘विहीर’, ‘देऊळ’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ अशी जी रांग लागली, तिच्यासाठी आम्ही मराठी प्रेक्षकांनी पुष्कळ वर्षे वाट पाहिली होती. ‘श्वास’ ऑस्करसाठी पाठवायचा ठरला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याच्या प्रचाराला हातभार लावला. चित्रपट आपल्या घरचा आहे असे समाजाला वाटल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

या दशकावरची भाषणे मला नेहमीच हेलावून टाकतात, आणि त्यातही बोलणारा आपल्या कामाच्या अनुभवातून चित्रपटाकडे पाहतो तेव्हा अधिकच. नेत्ररुग्णालयातून निवृत्त झालेल्या आमच्या एक परिचारिका ताई ‘श्वास’वर बोलल्या, ते भाषण मी विसरणे शक्य नाही. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन शहर दाखवतात, हा प्रसंग सर्वांनाच आठवतो. ताई मात्र त्याआधीच्या भागावर थांबल्या. पोराला हे सांगायचे कोणी, डॉक्टरांनी की आजोबांनी, हा जो पेच दिग्दर्शक संदीप सावंत यांनी चित्रपटात धरून ठेवला आहे, तो रुग्णालयात अगदी असाच असतो. नातेवाईक डॉक्टरांकडे पाहतात, डॉक्टर कागदाकडे पाहतात, आणि मूल सगळ्यांकडे पाहत असते, असे त्या म्हणाल्या. अरुण नलावडे यांनी आजोबा उभे करताना चेहऱ्यावर फारसे काही येऊ दिलेले नाही, हे त्यांनी ज्या बारकाईने उलगडून सांगितले, तसे मी कोणत्याही परीक्षणात वाचले नव्हते.

निफाडकडचे आमचे एक शेतकरी सभासद ‘टिंग्या’शिवाय दुसऱ्या चित्रपटाचे नाव घेत नाहीत. जायबंदी झालेला चितंग्या बैल विकण्यावाचून बापापुढे मार्ग नाही आणि पोराला ते मान्य नाही, एवढीच ती गोष्ट. पण बैल विकणारा बाप दुष्ट नसतो, हे दिग्दर्शक मंगेश हाडवळे यांनी दाखवले म्हणून हा चित्रपट आपला वाटतो, असे त्यांचे सांगणे असते. दरवर्षी तेच ऐकावे लागते अशी कुरबुर काहीजण करतात, ती मला मुळीच पटत नाही.

गेल्या मेळाव्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने ‘फँड्री’ निवडला. चित्रपटाचा शाळकरी नायक जब्या शेवटी जो दगड भिरकावतो, तो सगळेच सांगतात, म्हणून तिने तो मुद्दाम बाजूला ठेवला आणि राष्ट्रगीताच्या प्रसंगावर ती बोलली. डुकराचा पाठलाग ऐन रंगात आलेला असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्या घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटून जाते. शाळेने शिकवलेले सर्व काही त्या पोराने पाळले, आता शाळेने त्याला काय दिले हे मला माझ्या वर्गात रोज पाहावे लागते, असे म्हणून ती खाली बसली. सभागृहात टाळ्या उशिरा पडल्या.

दुःख एवढेच, की हे भाषण ऐकायला अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. सत्कार आणि छायाचित्रे उरकून चहाबरोबर निघून जाणाऱ्यांत कार्यकारिणीतली मंडळीही असतात, हे मी सभेत बोललो आहे आणि इथेही लिहितो. मेळाव्याचा प्राण ज्या भागात आहे, त्या भागाला पाठ दाखवणे बरे नव्हे.

जे थांबतात त्यांचे ऋण मात्र मोठे आहे. सभागृहाच्या किल्ल्या घेऊन सर्वांच्या आधी येणारे आणि सर्वांच्या नंतर जाणारे शिपाईमामा. भर उन्हाळ्यात वीज गेली तर पंचाईत नको म्हणून जनरेटर पाठवणारे मंडपवाले. पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनी सांभाळणारा व वक्त्याने सांगितलेला प्रसंग नेमका लावून देणारा महाविद्यालयीन मुलगा. त्याच्या मदतीला असणारी त्याची बहीण. चहा, पोहे आणि पन्ह्याची जबाबदारी आनंदाने घेणाऱ्या महिला सभासद. निमंत्रणपत्रिका घरोघरी पोहोचवणारे दोघे आजोबा. सतरंज्या उचलू लागणारी शेजारच्या वाड्यातली मुले. आणि प्रत्येक भाषणाची टिपणे वहीत उतरवून ठेवणाऱ्या आमच्या चिटणीस बाई. नावे छापलेली त्यांच्यापैकी अनेकांना रुचत नाहीत, म्हणून केवळ कामे लिहिली आहेत. ऐनवेळी आपली रिक्षा देऊन पाहुण्यांना स्थानकावरून आणणारे दादा यात राहता कामा नयेत.

येत्या मे महिन्यात त्या तरुण शिक्षिकेने ‘कोर्ट’वर बोलावे, आणि तिचे भाषण चहापानाच्या आधी ठेवावे, असा लेखी प्रस्ताव मी कार्यकारिणीला दिला आहे.