तुम्ही विचारलंत म्हणून : हेल्मेटच्या रंगांत मी काय पाहतो

मी सोलापुरात ३१ वर्षे सूत रंगवण्याच्या कारखान्यात डाइंग मास्टर म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर दर वर्षी पाऊस ओसरला की मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बरला मुलीकडे राहायला येतो. कॉलेज फुटबॉलचे, म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून आणि चेंडू हाताने फेकून खेळायच्या अमेरिकी फुटबॉलचे, दिवस नेमके तेच असतात. शनिवारी दुपारी सारे गाव पिवळ्या-निळ्या कपड्यांत मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमकडे चालू लागते आणि मीही जावयाबरोबर निघतो. सोलापूरचे मित्र फोनवर विचारतात, इथली मराठी मंडळी गणपतीच्या जेवणात विचारतात : ‘सामना पाहायला जाता, मग चेंडूविषयी बोलायचे सोडून तुम्ही हेल्मेटच्या आणि जर्सीच्या रंगांविषयीच का बोलता?’ तुम्ही इतक्या वेळा विचारलेत, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

या कॉलेजांचे रंग ज्या काळात ठरले, तो माझ्या धंद्याचा जन्मकाळ आहे. विल्यम पर्किनला १८५६ साली लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि १८५९ मध्ये फ्रान्समध्ये मॅजेंटा हा जांभळट गुलाबी रंग बाजारात आला. रेशमावर आणि लोकरीवर तोपर्यंत कुणी न पाहिलेल्या झळाळीचे रंग त्यानंतरच्या काही वर्षांत स्वस्तात मिळू लागले, आणि अमेरिकेतली कॉलेजे आपापला रंग निवडत होती ती याच वर्षांत. हार्वर्डची गोष्ट त्याच्या थोडी आधी सुरू होते. १८५८ साली तिथल्या नौकाशर्यतीच्या चमूला गर्दीत ओळखू यावे म्हणून चार्ल्स इलियट आणि त्यांच्या एका सोबत्याने लाल रेशमी रुमाल आणले. हेच इलियट पुढे ४० वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. मधल्या काळात लालऐवजी मॅजेंटाची चलती झाली, इतकी की १८७३ मध्ये निघालेल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे नावच ‘मॅजेंटा’ होते. १८७५ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून किरमिजी रंग पक्का केला आणि वृत्तपत्रही ‘क्रिमझन’, म्हणजे किरमिजी, झाले. एका रंगद्रव्याचा बाजारातला उदय आणि एका संस्थेने त्याला दिलेला नकार इतक्या थोड्या वर्षांत घडलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

पेन स्टेट या पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठाची कथा मला त्याहून जवळची वाटते. तिथल्या विद्यार्थ्यांनी १८८७ मध्ये गडद गुलाबी आणि काळा असे दोन रंग निवडले आणि तसे कपडेही शिवून घेतले. काही आठवड्यांत उन्हाने गुलाबी विटून पांढरा दिसू लागला. १८९० मध्ये त्यांनी निळा आणि पांढरा हे रंग अधिकृतपणे स्वीकारले, आणि ते आजतागायत चालू आहेत. त्या काळातले पुष्कळ अॅनिलिन रंग, म्हणजे पर्किनच्या जांभळ्याच्या जातीचे कृत्रिम रंग, कच्चे असत, पाण्यात टिकले तरी उन्हात टिकत नसत. आमच्याकडे रंगवलेल्या सुताची अर्धी लड काळ्या कागदाखाली झाकून आणि अर्धी उघडी ठेवून उन्हात टाकत, मग काही दिवसांनी कागद काढून दोन्ही भाग शेजारी धरत. पेन स्टेटच्या मुलांनी हीच परीक्षा अंगावर कपडे घालून दिली. आज त्यांच्या पांढऱ्या हेल्मेटवर मधोमध एक निळा पट्टा असतो, बोधचिन्ह नसते, आणि या खेळातले इतके साधे हेल्मेट इतक्या आदराने पाहिले जाते याचे मला फार समाधान वाटते.

ओहायो स्टेट विद्यापीठाने १८७८ मध्ये आधी नारिंगी आणि काळा हे रंग निवडले होते. ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे आहेत हे कळल्यावर त्यांनी लाल आणि राखाडी घेतले.

मिशिगनचे रंग मात्र मला रोजच पाहायला मिळतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. विद्यार्थ्यांच्या एका समितीने १८६७ साली आकाशी निळा आणि मक्याच्या दाण्याचा पिवळा हे रंग ठरवले. रंग ठरले तरी छटा ठरली नव्हती. फीत विकणाऱ्या प्रत्येक दुकानाचा निळा वेगळा आणि पिवळाही वेगळा होता, आणि शेवटी १९१२ मध्ये विद्यापीठाला समिती नेमून छटा निश्चित कराव्या लागल्या. निळा तेव्हापासून गडद आहे, पण पिवळ्याचा वाद अजून मिटलेला नाही. कपडे पुरवणारी कंपनी बदलली की पिवळा थोडा सरकतो, कधी लिंबाकडे झुकतो तर कधी केशराकडे, आणि इथले लोक त्यावर पोटतिडकीने बोलतात. मला त्यांचा राग समजतो. जर्सी पॉलिएस्टरची असते, तिला डिस्पर्स जातीचा रंग लागतो. प्रेक्षकांचे सुती शर्ट बहुधा रिअॅक्टिव्ह जातीच्या रंगात रंगतात. हेल्मेटवर फवारलेला पेंट असतो. तीन वेगळ्या वस्तूंवर तीन वेगळ्या रसायनांनी एकच पिवळा आणायचा, तोही उन्हात, ढगाळ हवेत आणि रात्री दिव्यांखाली सारखा दिसेल असा, हे सोपे काम नाही. एकदा आमच्याकडच्या सुताच्या टॉवेलचा मोठा लॉट परत आला. कारखान्याच्या अंगणात, दुपारच्या उजेडात, काठ आणि अंग मी स्वतः जुळवून पाहिले होते. ग्राहकाच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काठ हिरवट दिसू लागला. तेव्हापासून दोन उजेडांत पाहिल्याशिवाय मी कोणत्याही शेडकार्डावर, म्हणजे रंगाच्या नमुन्याच्या कार्डावर, सही केली नाही. इथल्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसे बसतात, आणि बहुतेकांच्या अंगावर वेगवेगळ्या वर्षी घेतलेला, वेगवेगळ्या वेळा धुतलेला तोच पिवळा असतो. दुपारचे ऊन कलू लागले की त्या छटा एकमेकींपासून सुट्या होतात, आणि मी मैदानाकडे पाहायचे सोडून त्यांच्याकडे पाहत राहतो.

आता हेल्मेटविषयी. मिशिगनच्या निळ्या हेल्मेटवर कपाळाशी पिवळे पंख आहेत आणि तिथून तीन पट्टे मागे जातात. हे चित्र १९३८ मध्ये प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी आणले. त्याआधी प्रिन्स्टनमध्ये असताना त्यांनी तसेच हेल्मेट वापरले होते. पंखांचा आकार चित्रकाराच्या मनातून आलेला नाही. चामड्याच्या हेल्मेटवर कपाळाशी आणि डोक्यावरून बळकटीसाठी जास्तीचे चामडे शिवलेले असे, त्याच तुकड्यांना वेगळा रंग दिला की पंख दिसत. क्रायस्लर यांचा हेतूही व्यवहाराचा होता : चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला लांब धावत गेलेला आपला माणूस क्षणात ओळखू यावा. पुढे प्लास्टिकची हेल्मेटे आली, शिवण गेली, बळकटीचे चामडेही गेले, पण त्या शिवणीची कड आजही रंगाने जशीच्या तशी काढली जाते. आता तर विद्यापीठाचे आइस हॉकीचे खेळाडूही तेच पंख डोक्यावर घेऊन खेळतात. इरकल लुगड्याच्या काठावरची नक्षी यंत्रमाग आल्यावरही विणकरांनी सोडली नाही, तेच मला इथे दिसते.

नोत्र दाम विद्यापीठात हे काम अनेक दशके हातांनी होत असे. प्रत्येक सामन्याच्या आधी तिथले विद्यार्थी-व्यवस्थापक बसून सगळी हेल्मेटे सोनेरी रंगवत, आणि त्या रंगात खऱ्या सोन्याचे कण असत, कारण ते सोनेरी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवरच्या सोन्याच्या घुमटाशी जुळायचे होते. २०११ पासून ते काम व्यावसायिकांकडे गेले. नवा रंग अधिक चकचकीत आणि एकसारखा आहे हे मी मान्य करतो. तरीही दर आठवड्याला हाताला रंग लावून घेणाऱ्या त्या मुलांची प्रथा संपायला नको होती, असे माझे प्रामाणिक मत आहे. ओहायो स्टेटमध्ये १९६८ पासून चांगल्या खेळाबद्दल ‘बकआय’ नावाच्या झाडाच्या पानाचे छोटे स्टिकर हेल्मेटवर लावतात. मोसमाच्या सुरुवातीला कोरे असलेले राखाडी हेल्मेट नोव्हेंबरपर्यंत पानांनी भरते. आयोवा विद्यापीठाच्या काळ्या हेल्मेटवर एक लहानसे वर्तुळ असते, त्यात तीन अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ ‘अमेरिकेला शेतकरी हवेत’ असा आहे. शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते त्या १९८५ सालात प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी ते लावले. दुष्काळी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे वर्तुळ दुरूनही दिसते.

रंगासाठी नुकसान सोसल्याचे उदाहरणही सांगतो. पाहुण्या संघाने पांढरीच जर्सी घालावी असा नियम १९८३ पासून होता, त्यामुळे लॉस एंजेलिसमधल्या यूएससी आणि यूसीएलए या दोन शेजारी विद्यापीठांची एकमेकांसमोर गडद लाल आणि फिका निळा घालून खेळण्याची जुनी रीत बंद पडली. २००८ मध्ये यूएससीने नियम माहीत असूनही यूसीएलएच्या मैदानावर आपला लाल घातला आणि दंड म्हणून एक टाइमआउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याची एक संधी, गमावला. त्यावर यूसीएलएच्या प्रशिक्षकांनी लगेच आपलाही एक टाइमआउट घेऊन टाकला, म्हणजे दोघे पुन्हा बरोबरीत आले. पुढच्या वर्षी नियमच बदलला. दोन्ही संघांची संमती असेल आणि रंगांत पुरेसा फरक असेल तर दोघेही रंगीत कपडे घालू शकतात. प्रतिपक्षानेही आपल्या रंगात यावे असे वाटणारा हा शेजार मला फार आवडतो.

ओरेगन विद्यापीठाचे काय, असेही काही जण विचारतात. ओरेगनचे रंग हिरवा आणि पिवळा, पण नाइकीचे संस्थापक फिल नाइट तिथले माजी विद्यार्थी असल्यामुळे त्या संघाला आठवड्याला नवा पोशाख मिळतो, आणि काही पोशाखांत हिरवा शोधावा लागतो. त्यातली कारागिरी उत्तम असते. मी मात्र ओरेगनचा सामना लागला की आधी हिरवा कुठे आहे ते पाहतो आणि तो दिसला की मग पुढचे पाहतो.

सामना संपल्यावर खेळाडू हेल्मेट हातात घेऊन बाहेर पडतात, तेव्हा मी कठड्याशी जाऊन उभा राहतो. डोक्याला डोके आपटून हेल्मेटांचा रंग एकमेकांना लागलेला असतो. आमच्या कारखान्यात एका सुताचा रंग दुसऱ्याला लागला तर तो लॉट बाद होई. पेन स्टेटचा संघ इथे येतो तेव्हा त्यांच्या पांढऱ्या हेल्मेटवर मिशिगनच्या निळ्याचे आणि मक्याच्या पिवळ्याचे ओरखडे अगदी स्पष्ट दिसतात, आणि ते मी शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत पाहत असतो.