रविवारची पेटी

परवाच्या रविवारी दाराखालून चिठ्ठी आली. सुबक अक्षर, शेवटी हसरा चेहरासुद्धा. मजकूर एवढाच, की आज रविवार आहे आणि तुमच्या घरातून ॲकॉर्डियनसारखं काहीतरी ऐकू येतंय.

ॲकॉर्डियन! रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावचा माणूस मी. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, याचा राग बाबांना शेवटपर्यंत होता. ही चिठ्ठी त्यांनी फ्रेम करून लावली असती.

इथं स्टुटगार्टला रविवार म्हणजे सोवळं. ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. जर्मनीच्या 1919 च्या राज्यघटनेतलं 139वं कलम आजही लागू आहे, रविवारच्या विश्रांतीसाठी! पहिल्या वर्षी मला याचं भारी कौतुक होतं. आपल्याकडं डॉल्बी लागला की खिडक्या थरथरतात आणि तक्रार करणाराच खडूस ठरतो. पण पेटी म्हणजे डॉल्बी नव्हे की हो. चर्चच्या घंटा चालतात ते वेगळंच. शिवाय पेटी माझ्या घरात नव्हतीच, ती तिकडं बेळगावात, शहापुरात वाजत होती. मी फक्त फोन स्पीकरला जोडला होता.

ती पेटी बाबांची. 2021 च्या मे महिन्यात ते गेले, त्यानंतर दोन पावसाळे तिची खोळ कुणी काढली नाही. सर बाबांना तबल्याची साथ करायचे. त्यांच्या मंडळी आदल्याच वर्षी गेलेल्या. दमटपणानं पट्ट्या फुगून अडकल्यात असं कळल्यावर ते टिळकवाडीहून स्कूटरवर आले. एक सूर उतरला होता. पितळी पात्याच्या टोकाला कानशीनं जरासं खरवडून त्यांनी तो चढवला, "वहिनी, झालं बघा" म्हणाले आणि चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी दुसरा सूर बघायला परत हजर. साडेतीन सप्तकांची पेटी, 42 पट्ट्या, आणि हा माणूस एका रविवारी एकच दुरुस्त करणार! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सर कानडी घरचे. 1924 साली सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व झाले, ते आमचे की तुमचे, यावर बाबांचं नि त्यांचं हमखास वाजायचं. आता आई अभंग म्हणते, ते कानडी संतांची वचनं म्हणतात. मधेच कानडीत काहीतरी पुटपुटतात आणि बाजारापुरतं कानडी येणारी माझी आई हसते.

आईचं डावं मनगट सांध्यांनी धरलंय, भाता ओढवत नाही. म्हणून सर पेटीच्या पलीकडं बसून भाता ओढतात आणि आई वाजवते. ती कुठं दम घेणार, कुठं सूर लांबवणार, हे तिच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागतं. सुरुवातीला चुकायचे, सूर मधेच मरायचा. आता चुकत नाहीत. 'वहिनी' हा शब्दही मधे कधीतरी गळून पडलाय. त्याच्या जागी दुसरा आलेला नाही, नुसतं "ऐका की".

मावशीचा फोन येऊन गेला. गल्लीत बोलतात म्हणे, आणि मी लांब असल्यामुळं मला काही कळत नाही. लांब आहे, मान्य. पण दर दिवाळीला येतोच की मी. गेल्या दोन राहिल्या, त्या तिकिटांपायी. आणि मनगट दुखतं तेव्हा मावशी येते का भाता ओढायला? तरी पहिल्यांदा सर बाबांच्या सतरंजीवर बसलेले दिसले, तेव्हा मी "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला होता. हे आईला माहीत नाही. किंवा असेलही.

चिठ्ठी वाचून मी निमूट इअरफोन घातले. बाहेर चर्चच्या घंटा सुरू झाल्या, म्हणून माझ्याकडचा माइक बंद केला. तिकडं फोन डब्याला टेकवून ठेवलेला, मी गप्प.

"गेला काय तो?" सरांनी विचारलं.

"असेल की," आई म्हणाली. "तुम्ही भाता सोडू नका."