क्लो द वूजो: जाण्याआधी हे वाचा, मग पैसे भरा

फ्रान्सच्या बर्गंडीतल्या क्लो द वूजो या भिंतीबंद द्राक्षमळ्याच्या शातोमध्ये, म्हणजे आतल्या वाड्यात, वाइन बनत नाही. एकही बाटली नाही. दिजाँ शहरात ज्याने आम्हाला अर्ध्या दिवसाची टूर विकली त्याने मात्र 'जिथे बनते तिथेच चाखा' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. नाशिकच्या वायनरीत टाक्या बघायच्या आणि मग गच्चीत ग्लास घेऊन बसायचं, याची सवय असलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही.

खरा प्रकार असा. सितोच्या मठातल्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी बाराव्या शतकात इथे जमिनी जमवायला सुरुवात केली. 1336 पर्यंत सुमारे पन्नास हेक्टरभोवती दगडी भिंत उभी राहिली, ती आजही आहे. 1551 मध्ये मठाधिपतींनी आतल्या जुन्या इमारतींना जोडून शातो बांधला. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि विकली गेली. त्यानंतरही मळा एकसंध होता, पण 1889 मध्ये त्याचे तुकडे पडले. पुढे वारसाहक्काने आणि विक्रीने आणखी पडत गेले. आज त्याच भिंतीच्या आत साधारण ऐंशी मालक आहेत, काहींच्या वाट्याला तर वेलींच्या मोजून काही ओळी. बहुतेक जण आपली द्राक्षं आपल्या गावातल्या तळघरात नेतात आणि तिथे आपली वाइन करतात. शातो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तास्तव्हँ नावाच्या वाइनप्रेमींच्या मंडळाकडे आला. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे, आणि मंडळाच्या पाचशेहून जास्त पानांच्या जेवणावळी.

तरी आत जाच. चार कोपऱ्यांत द्राक्षं पिळायची ओकच्या लाकडाची चार अजस्र दाबयंत्रं आहेत. तुळया इतक्या जाड की दोघांनी कवेत घ्याव्या लागतील. पलीकडे साधूंचं वाइनचं कोठार, तेही जमिनीच्या वरच, कारण इथे खाली पाणी लागतं. भिंतींच्या जाडीवरच आतला थंडावा टिकवलाय. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो आणि टूरवाल्यावरचा राग तेवढ्यापुरता विसरलो. मंडळाच्या जेवणाच्या दिवशी काही भाग बंद असू शकतो, तेव्हा आधी तारीख तपासा.

आता लूट. टूरमध्ये ठरलेलं 'टेस्टिंग' गावातल्या एका दुकानात निघालं. समोर ठेवलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'वूजो'. चढी किंमत ऐकून, म्हणजे अस्सलच असणार असं समजून, आमच्यातल्या एकाने दोन घेतल्यासुद्धा. नीट ध्यानात ठेवा: 'वूजो' म्हणजे गावाची वाइन, भिंतीबाहेरची. भिंतीच्या आतली म्हणजे 'क्लो द वूजो' किंवा 'क्लो वूजो', आणि लेबलवर 'ग्रां क्रू', म्हणजे बर्गंडीतला सर्वांत वरचा दर्जा, असायलाच हवं. गावाची वाइन वाईट नसते, पण तिला ग्रां क्रूचा भाव लावणं म्हणजे निव्वळ चोरी. खरी ग्रां क्रू सहसा शंभर युरोच्या पुढेच जाते, त्यामुळे फार स्वस्त दिसली तरी सावध, आणि महाग दिसली तरी लेबल वाचा.

एवढ्यावर भागत नाही. ग्रां क्रू दर्जा सगळ्या पन्नास हेक्टरना सरसकट आहे, पण जमीन सारखी नाही. वर शातोजवळ माती पातळ, खाली चुनखडी, पाणी झरझर निचरून जातं. खाली हमरस्त्याकडे जड चिकणमाती, पावसाळी वर्षात पाणी धरून बसणारी. द्राक्ष तेच, पिनो न्वार. लेबलवरचं नावही तेच. म्हणून इथे मळ्याचं नाव बघून घेऊ नका. कोणी बनवली आणि त्याच्या ओळी उताराच्या कुठल्या टोकाला आहेत, हे विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुकानातून बाहेर पडा. आम्हाला विचारल्यावर फक्त हसू मिळालं.

वर कडी म्हणजे टूर तिथेच 'संपली'. परत न्वी-सां-जॉर्ज या जवळच्या गावापर्यंत आम्ही चाललो, डी 974 या हमरस्त्याने. ट्रक अंगावरून जातात, कडेला पाऊल टाकायला धड जागा नाही, सावली औषधालाही नाही. पाच-एक किलोमीटर, पण माझ्या आयुष्यातले सर्वांत कंटाळवाणे. कुणीही, कुठल्याही कारणासाठी या रस्त्याने चालू नका. वरच्या अंगाने द्राक्षमळ्यांतून वोन-रोमाने गावामार्गे वाट आहे. अंतर थोडं जास्त, पण रोमाने-काँती या नामांकित मळ्याचा दगडी क्रूस वाटेतच लागतो. पाऊस झाला असेल तर ती माती बुटांना किलोकिलोने चिकटते, हलके बूट नकोत. ओळींमध्ये शिरू नका, द्राक्षाला हात लावू नका.



टूर घेऊच नका. दिजाँ-बोन मार्गावरच्या लोकल गाडीने वूजोच्या स्टेशनवर उतरा आणि शातोपर्यंत चालत जा. सकाळी जा, कारण दुपारी बारा ते दोन गावं मेल्यागत बंद. चाखायचं असेल तर एखाद्या लहान उत्पादकाला काही आठवडे आधी लिहून वेळ घ्या. सप्टेंबरात काढणी असते, आपल्या नाशिकसारखी जानेवारी-मार्चमध्ये नाही. तेव्हा कुणालाही पाहुण्यांसाठी फुरसत नसते. वेळ मिळालीच तर पिंपातून थेट चाखायला मागा. 228 लिटरच्या त्या ओक पिंपातली कच्ची वाइन तोंड आवळून टाकते, पण उताराच्या माथ्याची आणि पायथ्याची वाइन शेजारी शेजारी चाखली की वरचं सगळं पुराण एका घोटात कळतं.

आणि भारतात परतताना शुल्काशिवाय माणशी दोन लिटरच दारू आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी तिथेच प्या.