गंधकाच्या मलमाची वाटी

आठवीत असताना बोर्डिंगमध्ये माझ्या वाट्याला एक काम आलं, आणि ते मला मनापासून नकोसं होतं. सुट्टीहून परतणाऱ्या लहान मुली दरवर्षी खरूज घेऊन यायच्या. मेट्रनबाईंनी गंधकाच्या मलमाची वाटी माझ्या हातात दिली. आधी अंघोळ, मग मानेपासून तळपायापर्यंत मलम. बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबीभोवती, काही सोडायचं नाही. सलग तीन रात्री. कपडे, पांघरुणं उकळायची ती वेगळीच. त्या वासानं मला घास जायचा नाही. मुली रडायच्या, निसटून पळायच्या. एकीनं तर मनगटाला कडकडून चावा घेतला. (ती आता माझी विहीण आहे; या विषयावर आम्ही फारसं बोलत नाही.)

त्याच वर्षी सहल केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, आणि दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींनी तिथल्याच छापखान्यात काम केलं, हे तिथं ऐकलं. संस्कृत त्यांना आईवडिलांकडून लहानपणीच मिळालेलं. हिब्रू-ग्रीक मात्र पुढं मोठेपणी शिकल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापील ग्रंथ पुरा झाला तो त्यानंतर. मी वर्गबाईंना विचारलं, "येत नव्हतं तर एवढं काम अंगावर घेतलं कशाला?"

बाई म्हणाल्या, "काम आधी आलं गं. हिब्रू मागून आली."

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं.

शाळेनंतर मी मिरजेला नर्सिंगला गेले. देवाचं पाचारण वगैरे काही ऐकू आलं नव्हतं. विद्यावेतन मिळतं, एवढंच कळलं होतं. १९८१ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ड्रेसिंगवर ड्यूटी लागली. तेव्हा बहुतेकांना नुसत्या डॅप्सोनच्या गोळ्या असत, एमडीटी, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत, नंतर आली. पायाला संवेदना नसली की काटा रुतला तरी कळत नाही, माणूस तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी घासून काढायची, तेल लावायचं, रोज बघायचं. बरोबरच्या मुली दारातच थबकल्या. जत भागातल्या एका आजींनी पाय मागे ओढून घेतला. "नको पोरी, वास येतो."

"मला गंधकाची सवय आहे आजी," मी म्हणून गेले.

हे देवानं आठवीतच योजून ठेवलं होतं असं म्हणताना माझी जीभ अडखळते. खाजून रक्त काढणाऱ्या त्या पोरींना माझ्या तयारीसाठी खरूज दिली, असं कोण म्हणेल? पण 'मला येत नाही' एवढ्याच कारणासाठी नाही म्हणणं मी सोडलं, आणि तो विश्वास मला तिथून मिळाला. पुढं रोग्यांसाठी एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराच्या मऊ चपला बनवायचं खातं माझ्याकडं आलं. आरी कधी हातात धरली नव्हती. बऱ्या झालेल्या एका चांभारकाकांनी दोन महिने शिकवलं, मी अंगठा फोडून घेतला, आणि पहिला जोड दोन्ही डाव्या पायांचा निघाला.

मेट्रनबाईंना यातलं काही सांगायचं राहूनच गेलं. वाटी ॲल्युमिनियमची होती, काठाला पोचा आलेली.