आमची वाटचाल: एक गेज, एक मोजपात्र

काउंटरवर तडकलेल्या काचेचं एक प्रेशर गेज आहे. येणारा-जाणारा विचारतो, विकायचंय का? नाही. ठिबक सिंचनाच्या धंद्यातल्या पहिल्या वर्षी आमच्याकडे ते गेज, लॅटरलला (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीला) भोकं पाडायचा पंच, हॅक्सॉ आणि सॉल्व्हंट सिमेंटचा डबा, एवढाच संसार होता. दोघं भागीदार. त्याचं तोंड चालायचं, माझे हात.

पुढची चार-पाच वर्षं चर खणले, पाइप टाकले, चर बुजवले. सांगण्यासारखं काही नाही.

मग भागीदार वेगळा झाला आणि माझ्याच गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा स्वस्त कोटेशन देऊ लागला. कसं परवडतं? वाळूचा सँड फिल्टर वगळायचा आणि १६ ऐवजी १२ मिमीची लॅटरल लांबच लांब ओढायची. दाब निम्मा झाला की साधा ड्रिपर, म्हणजे झाडाशी थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी, सत्तर टक्के पाण्यावर येतो, हे त्याला मीच शिकवलं होतं! पण ओळीच्या शेवटच्या झाडाजवळ जाऊन बघतंय कोण?

खरी चूक मात्र माझी. त्याच्या दराला दर लावायच्या नादात एका मोठ्या बागेला मीही नुसता जाळीचा स्क्रीन फिल्टर बसवला. बोअरचं पाणी वर येताना काचेसारखं, पण त्यात लोह होतं. हवा लागली की तांबूस साका धरतो, त्यावर जिवाणूंची बुळबुळीत साय चढते. एका हंगामात ड्रिपर चोंदले. बिल अडकलं, पाइपवाल्याने उधारी बंद केली, पोरांचे पगार थकले. आणि हे गावभर कोणी केलं? त्यानेच. ते अजून विसरलो नाही.

त्या दिवसांत फक्त बागवाल्या काकांचा फोन आला. बाग त्यांचीच! म्हणाले, "पैशाचं नंतर बघू, आधी पाणी बघ." दोघं मोजपात्र घेऊन ओळीत बसलो. ड्रिपरखाली ३६ सेकंद पात्र धरायचं. जितके मिली भरतील त्याला दहाने भागलं की ताशी लीटर. ४ लीटरचा ड्रिपर ४० मिली भरायला हवा. पहिल्या झाडाशी ३८, शेवटच्या झाडाशी ११. काका काही बोलले नाहीत, आकडे वहीत लिहीत राहिले.

पाणी उंचावरून टाकीत पाडून हवा दिली, साका खाली बसू दिला, मग सँड फिल्टर. ॲसिड ट्रीटमेंट करून नळ्यांच्या टोकाचा एकेक एंड कॅप उघडला तेव्हा विटेच्या रंगाचं पाणी पायांवरून गेलं. सगळं पदरमोड करून.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, पाण्याची तपासणी हातात येईपर्यंत कोटेशन देऊ नका. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज लावा; दोन्हींतला दाबाचा फरक फिल्टर स्वच्छ असतानापेक्षा अर्धा किलोने (चौरस सेंटीमीटरला) वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि क्लोरीनच्या जवळपास तर ॲसिड नेऊसुद्धा नका, विषारी वायू होतो.

माजी भागीदाराने ड्रिप सोडलं, असं ऐकतो. बरं झालं म्हणणार नाही, पण वाईटही वाटलं नाही.

काका आता थकलेत. तरी हंगाम सुरू झाला की सकाळी फोन येतो, नमस्कार-चमत्कार नाही, थेट आकडा: "शेवटचं झाड, एकोणचाळीस."