ओळंबा सोडलेला फोटो

वाडा सराफ बाजारामागच्या गल्लीतला. मालकांनी फोनवरच सांगितलं होतं, "मॅडम, धोकादायक दिसला पाहिजे. फाइलला लावायचाय." पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. मग मालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात फोटोही साक्षीला उभे राहतात.

बारा वर्षं आर्किटेक्ट म्हणून नकाशे काढले, आता शहराचे फोटो काढते. गल्ली इतकी अरुंद की मागे सरायला जागाच नाही. अशा ठिकाणी वाइड लेन्स लावून कॅमेरा वर उचलला की धडधाकट भिंतही मागे कलंडलेली दिसते. मालकांनी मोबाइलवर तसा एक फोटो काढून ठेवला होता; मला तो "नमुना" म्हणून दाखवलाही. मी शिफ्ट लेन्स लावली. तिच्यात कॅमेरा पातळीत ठेवून लेन्सच वर सरकवतात, म्हणून उभ्या रेषा उभ्याच राहतात. पण फोटोतल्या रेषा सरळ करणं कॉम्प्युटरवरही जमतं, आणि त्यात खरोखर कललेली भिंतही सरळ होऊन बसते. म्हणून मी सज्जावरून पितळी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडते आणि तो फोटोत येऊ देते. भिंतीचं खरं काय ते दोरीशी ताडून कुणीही बघावं.

"तो दोरा नंतर काढून टाकता येईल ना?"

"येईल. पण मी काढणार नाही."

दर्शनी भिंत ओळंब्यात होती.

मालकांचा मुख्य मुद्दा मात्र आत होता. माजघरात वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद भेग. तिच्यावर मधोमध कॅलेंडरचं पान चिकटवलेलं, ऑगस्ट 2016 चं. त्या महिन्यात गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेलं आणि सराफ बाजारात शिरलं होतं. भाडेकरू आजी म्हणाल्या, "पूर ओसरला, भिंत वाळली आणि ही चीर दिसायला लागली. झुरळं यायची गं त्यातून, म्हणून खळ करून पान डकवलं."

मी टॉर्च तिरपा धरून ते पान बघत राहिले. कुठे फाटलेलं नाही, ताणलेलं नाही, सुरकुतीसुद्धा नाही. भेग हलतेय का हे बघायला इंजिनिअर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. भेग रुंदावली तर काच तडकते. आजींनी नकळत तेच केलं होतं. मधे 2019 चा पूर येऊन गेला तरी कागद शाबूत होता. शिवाय ही भिंत मातीची, सागवानी खांबांमधे नुसती भरलेली. भार तुळयांवरून खांबांत आणि खांबांतून दगडी तळखड्यांवर उतरतो. पानावरची तारीख वाचता येईल इतक्या जवळून मी फोटो घेतला.

भाडेकरूंचे चेहरे उजळले. मला तेवढ्यावर थांबता आलं नाही.

मागच्या खोलीत छताला काळपट डाग होता. वर नंतर कधीतरी न्हाणीघर काढलेलं. खुर्चीवर चढून तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. सागवान वाळवीला सहजी दाद देत नाही, पण वर्षानुवर्षं मुरणाऱ्या पाण्यापुढे त्याचंही काही चालत नाही. बाहेरून तुळई तेलपाणी केल्यासारखी गुळगुळीत, आत भिजलेल्या भुशासारखा लगदा. मोजपट्टी धरून तिथले अकरा फोटो घेतले. बरोब्बर त्याच्याखाली लोखंडी पलंग होता, त्यावर शाळेचं दप्तर.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूच्या?" आजींच्या मुलाने विचारलं. आवाजात राग होता, आणि तो मला कळत होता. घर जाईल या भीतीने माणूस डागाकडे बघणंच सोडतो.

मी म्हटलं, "वाडा पाडायला नको, दादा. ही एक तुळई बदलायला हवी आणि वरचं पाणी बंद व्हायला हवं. पण तोवर टेकू द्या आणि आज इथे कुणी झोपू नका."

मालक तोवर दारातच उभे होते. ते खुर्चीवर चढले, त्यांनी त्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढून बराच वेळ बघत राहिले. मग खाली उतरले, पलंगाची एक बाजू धरली आणि आजींच्या मुलाला म्हणाले, "धर रे तिकडून."